झुईकाकू: बोट शाबूत, पण विमानं उडवणार कोण?

एप्रिल २०२५ मध्ये राफेल मरीनचा करार झाला, २६ विमानं, साधारण ६३ हजार कोटी रुपये, तेव्हा घरी जेवताना माझ्या मामेभावाने एक प्रश्न विचारला. विक्रांत तर २०२२ मध्येच नेव्हीत आली, मग विमानं आत्ता का घेतायत, आणि घेतली तर घेतली पण ती २०२८ ते २०३० मध्ये मिळणार, एवढा वेळ कशाला? आणि करारात ट्रेनिंगचाही वेगळा उल्लेख आहे, बोट आपली तयार, विमान उडवणारे पायलट आपल्याकडे आहेत (मिग-२९के तर विक्रांतवरून उडतातच), मग परत ट्रेनिंग कसलं?

प्रश्न साधा होता पण मला त्याला दोन वाक्यांत उत्तर देता येईना, कारण माझ्या डोक्यात सारखी एक जपानी बोट येत होती. तिचं नाव झुईकाकू. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या पर्ल हार्बर या नौदल तळावर हल्ला करणाऱ्या सहा विमानवाहू नौकांपैकी सगळ्यात शेवटपर्यंत टिकलेली ही एकटी. तिची गोष्ट नीट कळली की विमानवाहू नौका हे प्रकरण काय असतं ते आपोआप कळतं, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

## आधी बेसिक गोष्ट

विमानवाहू नौका म्हणजे तरंगता विमानतळ. वर सपाट डेक, तीच धावपट्टी. डेकच्या खाली हँगर, म्हणजे विमानं ठेवायची, दुरुस्त करायची, बॉम्ब आणि इंधन भरायची जागा. विमानं वर-खाली न्यायला मोठ्या लिफ्ट. बोटीवर तोफा असतात पण त्या मुख्यतः स्वतःला वाचवायला. शत्रूवर हल्ला करायचा तो विमानांनी, तोही शे-दोनशे मैल लांबून.

आता इथे एक शब्द लक्षात ठेवा, एअर ग्रुप. एका नौकेवरची सगळी विमानं, त्यांचे पायलट, मागे बसणारे निरीक्षक, रेडिओवाले, ही सगळी टीम म्हणजे तिचा एअर ग्रुप. तोफवाल्या युद्धनौकेत तोफ बोटीलाच जोडलेली असते, बोट शाबूत तर तोफ शाबूत. इथे तसं नाही. इथे बोटीचं हत्यार रोज उडून जातं आणि ते परत यावं लागतं.

आणि परत येणं हीच सगळ्यात अवघड गोष्ट. झुईकाकूचा डेक २४२ मीटर लांब आणि २९ मीटर रुंद होता. लांबी ऐकायला बरी वाटते पण विमानासाठी ती फारच कमी, शिवाय पुढच्या भागात आधी उतरलेली विमानं उभी, म्हणजे हातात उरतो मागचा तुकडा. तिथे आडव्या स्टीलच्या दोऱ्या ताणलेल्या असतात, विमानाच्या शेपटीखालचा आकडा त्यातल्या एखाद्या दोरीत अडकला की विमान थांबतं. नाही अडकला तर पुढे जाऊन बाकीच्या विमानांवर आदळायची भीती. हे सगळं चालू असताना बोट वाऱ्याच्या दिशेने जोरात पळतेय, लाटांनी वर-खाली होतेय, एखादवेळी अंधार पडलाय आणि टाकीत पेट्रोल संपत आलंय. जपानी बोटींवर कडेला लाल आणि हिरवे दिवे असायचे, पायलटला ते ठराविक पद्धतीने एका रेषेत दिसले तर उतरण्याचा कोन बरोबर. बाकी सगळं त्याच्या नजरेवर आणि हातावर.

जमिनीवरच्या धावपट्टीवर उत्तम विमान उतरवणारा पायलट इथे पहिल्या दिवशी उतरू शकत नाही. हे कौशल्य वेगळं शिकावं लागतं आणि सराव सुटला की ते जातं सुद्धा.

## क्रौंच बहिणी

झुई म्हणजे शुभ आणि काकू म्हणजे क्रौंच पक्षी. हिची जुळी बहीण शोकाकू, म्हणजे उंच झेपावणारा क्रौंच. झुईकाकूचं बांधकाम मे १९३८ मध्ये कोबे शहरातल्या कावासाकीच्या गोदीत सुरू झालं आणि २५ सप्टेंबर १९४१ ला ती नौदलात आली. लांबी २५७ मीटर, म्हणजे आपल्या आजच्या विक्रांतपेक्षा (२६२ मीटर) फक्त पाच मीटर कमी. वेग ताशी ६० किलोमीटरच्या वर, विमानं ७२ आणि सुटी करून ठेवलेली आणखी काही. त्या काळात जगात हिच्या तोडीच्या बोटी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, हे मी उगाच कौतुक म्हणून नाही सांगत, अमेरिकन इतिहासकारही या दोन बहिणींना जपानच्या सगळ्यात यशस्वी विमानवाहू नौका मानतात.

नौदलात येऊन जेमतेम अडीच महिने झाले आणि ७ डिसेंबर १९४१ ला ती पर्ल हार्बरच्या मोहिमेत होती. पण गंमत बघा, बंदरातल्या युद्धनौकांवर टॉर्पेडो टाकायचं काम हिच्या पायलटांना दिलं नव्हतं. ते काम जुन्या, मुरलेल्या एअर ग्रुपना गेलं. क्रौंच बहिणींची पोरं नवीन, त्यांना मुख्यतः विमानतळांवर बॉम्ब टाकायला पाठवलं. म्हणजे जपानी नौदलाला स्वतःलाच नीट माहीत होतं की बोट नवीकोरी असून उपयोग नाही, टीम मुरायला वेळ लागतो. हे माहीत असूनही पुढे जे झालं ते झालं, आणि म्हणूनच मला ही गोष्ट इतकी लागते.

## कोलंबो, त्रिंकोमाली आणि एक रिकामी बोट

एप्रिल १९४२ मध्ये झुईकाकू आपल्या दारात आली होती हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असतं. अ‍ॅडमिरल नागुमोच्या पाच विमानवाहू नौका हिंदी महासागरात शिरल्या, त्यात ही पण. ५ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, कोलंबोवर हल्ला. ९ एप्रिलला त्रिंकोमालीवर. मधल्या दिवशी, ६ एप्रिलला, र्‍युजो नावाच्या दुसऱ्या एका छोट्या जपानी नौकेच्या विमानांनी विशाखापट्टणम आणि काकीनाडावर बॉम्ब टाकले. मद्रासमधून लोक घरदार सोडून पळाले ते याच दिवसांत.

९ एप्रिललाच श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ, बट्टिकलोआच्या बाजूला, ब्रिटिशांची हर्मिस नावाची विमानवाहू नौका जपानी विमानांना सापडली. तिच्यावर बॉम्ब टाकणाऱ्यांत झुईकाकूची विमानं होती. हर्मिस थोड्याच वेळात बुडाली, तीनशेच्या वर माणसं गेली. आणि त्या वेळी हर्मिसवर एकही विमान नव्हतं. तिचा स्क्वाड्रन जमिनीवर ठेवलेला होता. विमानवाहू नौका, पण विमानाशिवाय, म्हणजे नुसतं मोठं, मंद लक्ष्य.

(मुंबईकरांसाठी एक गोष्ट. पुढे ब्रिटिशांनी हर्मिस हेच नाव एका नव्या विमानवाहू नौकेला दिलं. ती आपण विकत घेतली आणि १९८७ पासून ती विराट म्हणून आपल्याकडे होती, २०१७ मध्ये मुंबईतच निवृत्त झाली. लहानपणी नेव्ही डेला लांबून बघितलेल्या त्या बोटीच्या नावामागे ही बट्टिकलोआची गोष्ट आहे हे मला फार उशिरा कळलं.)

रिकामी हर्मिस लक्षात ठेवा. अडीच वर्षांनी झुईकाकूवर तीच वेळ आली.

## कोरल समुद्र: ओरखडा नाही, तरी घरी बसली

मे १९४२. जपानला न्यू गिनीतलं पोर्ट मोर्स्बी घ्यायचं होतं, त्यासाठी दोन्ही क्रौंच बहिणी कोरल समुद्रात उतरल्या. समोर अमेरिकेच्या लेक्सिंग्टन आणि यॉर्कटाउन. इतिहासातली ही पहिली आरमारी लढाई जिच्यात दोन्ही बाजूंच्या बोटींनी एकमेकींना पाहिलंच नाही, सगळं विमानांनी झालं.

७ मे ला सकाळी जपान्यांचा घोळ झाला, टेहळणीवाल्यांनी एका तेलवाहू जहाजाला विमानवाहू नौका समजलं आणि मोठा हल्ला त्यावर वाया गेला. मग संध्याकाळी २७ विमानं पुन्हा पाठवली, त्यासाठी अंधारात उडू शकतील असे अनुभवी लोक निवडून काढले होते. हवा खराब, शत्रू सापडेना, वाटेत अमेरिकन फायटरनी गाठलं, आणि अंधारात चुकून काही जपानी विमानं चक्क अमेरिकन बोटीलाच आपली समजून तिच्यावर उतरायच्या बेतात होती. २७ पैकी १८ परत आली. नऊ गेली, आणि गेली ती निवडक माणसं.

दुसऱ्या दिवशी, ८ मे ला, अमेरिकन विमानं आली तेव्हा झुईकाकू पावसाच्या सरीत शिरली होती, ढगांत झाकली गेली, दिसलीच नाही. सगळा मार शोकाकूने खाल्ला, तीन बॉम्ब लागले, डेक निकामी. जपानी विमानांनी तिकडे लेक्सिंग्टनला असं जखमी केलं की ती बुडाली, यॉर्कटाउनला एक बॉम्ब लागला. मग दोन्ही बहिणींची उरलेली विमानं एकट्या झुईकाकूवर उतरायला लागली, जागा पुरेना, तेव्हा डेकवरची काही विमानं ढकलून समुद्रात टाकून दिली.

आता खरा कोड्याचा भाग इथे आहे. झुईकाकूला एक ओरखडा नाही. २१ मे ला ती जपानमध्ये कुरेला पोचली. दोन आठवड्यांनी, ४ जूनला, मिडवेची लढाई होती, जपानच्या दृष्टीने युद्धातली सगळ्यात मोठी. आणि धडधाकट झुईकाकू बंदरात उभी राहिली. का? तर तिचा एअर ग्रुप इतका फाटला होता की त्याला लढाईला नेण्यालायक मानलं नाही. मिडवेला जपानच्या चार विमानवाहू नौका गेल्या आणि चारही बुडाल्या.

## "अहो मग दुसरे पायलट बसवायचे ना!"

हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. शोकाकूची बोट मोडलेली पण तिची काही माणसं शाबूत, झुईकाकूची बोट शाबूत, मग दोघांचं मिळून एक करायचं, एवढं काय कठीण?

अमेरिकेने अगदी हेच केलं. यॉर्कटाउनच्या दुरुस्तीला तीन महिने लागतील असा अंदाज होता, पर्ल हार्बरच्या गोदीत कामगारांनी तीन दिवसांत तिला चालण्यालायक केलं आणि तिच्या थकलेल्या स्क्वाड्रनच्या जागी दुरुस्तीला गेलेल्या साराटोगा नावाच्या बोटीचे स्क्वाड्रन चढवले. अमेरिकन पद्धतीत स्क्वाड्रन म्हणजे सुटा डबा होता, या गाडीचा काढून त्या गाडीला जोडता यायचा.

जपानी पद्धत वेगळी होती. तिथे एअर ग्रुप बोटीचाच भाग, तिच्याच नावाने ओळखला जाणारा. हे समजायला दहीहंडीचं पथक डोळ्यासमोर आणा. गुरुपौर्णिमेपासून सराव सुरू होतो, खालच्या थरात कोण, दुसऱ्यात कोणाच्या खांद्यावर कोण, हे महिनाभरात अंगात मुरतं, वरच्या पोराचा पाय नुसता थरथरला तरी खालच्याला कळतं. अशा पथकातले मधल्या थरातले दहा-बारा जण आदल्या आठवड्यात जायबंदी झाले तर शेजारच्या मंडळाची पोरं आणून लगेच आठ थर लावता येतील का? हंडी लावायला माणसं भरली, पण थर लागणार नाहीत. जपानी एअर ग्रुपची ताकद या एकजीव सरावात होती, पाच-सहा बोटींची शंभराच्या वर विमानं एका दमात, एका फॉर्मेशनमध्ये पाठवणं १९४१-४२ मध्ये जगात फक्त त्यांनाच जमत होतं. आणि त्यांचा कमकुवतपणाही यातच होता, कारण थर एकदा मोडला की तो महिनोन् महिने लागत नव्हता.

माझं स्वतःचं मत असं की मनापासून ठरवलं असतं तर झुईकाकूला अर्ध्या एअर ग्रुपसह नेता आलं असतं. पण तेव्हा जपानी वरिष्ठांना वाटत होतं की चार बोटी पुरतील.

## "पण चांगले पायलट मिडवेलाच मेले ना?"

असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं आणि मलाही आधी तसंच वाटायचं. पण आकडे वेगळं सांगतात. मिडवेला जपानची चार जहाजं बुडाली, सगळी विमानं गेली, पण विमानात बसणारी माणसं गेली ती ११० च्या आसपास. बाकीच्यांना समुद्रातून उचललं. जहाजांवर मेले ते जास्त करून मेकॅनिक, इंजिनरूमवाले, हँगरमधले लोक, आणि तो तोटाही फार मोठा होता, त्यांचं कोणी नाव घेत नाही म्हणून मुद्दाम सांगतो.

पायलटांचा खरा कणा मोडला तो सॉलोमन बेटांच्या भागात, आणि तिथल्या दोन्ही मोठ्या विमानवाहू लढायांत झुईकाकू हजर होती. मिडवेनंतर तीच आणि दुरुस्त झालेली शोकाकू ही जपानची मुख्य जोडी झाली. २४ ऑगस्ट १९४२ ला पूर्व सॉलोमनची लढाई, त्यात अमेरिकेची एंटरप्राइज जखमी झाली, जपानची र्‍युजो बुडाली. मग २६ ऑक्टोबरला सांताक्रूझ बेटांजवळची लढाई.

सांताक्रूझ कागदावर जपानचा विजय. अमेरिकेची हॉर्नेट बुडाली, एंटरप्राइजला परत बॉम्ब लागले, जपानची एकही विमानवाहू नौका बुडाली नाही. झुईकाकूला तर परत काहीच झालं नाही, लोक तिला नशीबवान बोट म्हणायला लागले होते. पण त्या एका दिवसात जपानचे १४८ हवाई सैनिक गेले, मिडवेपेक्षा जास्त. त्यात स्क्वाड्रन आणि तुकडी प्रमुख मिळून २३ जण. पर्ल हार्बरला टॉर्पेडो विमानांचं नेतृत्व करणारा मुराता शिगेहारू त्यातला एक. पर्ल हार्बरचा बॉम्बर प्रमुख ताकाहाशी काकुइची तर आधीच कोरल समुद्रात गेला होता. अमेरिकन बोटींवर विमानविरोधी तोफा तोपर्यंत खूप वाढल्या होत्या, आणि खाली सूर मारणाऱ्या किंवा पाण्यालगत सरळ येणाऱ्या विमानाला त्यातून जिवंत निघणं फार कठीण झालं होतं.

आणि मग जिंकलेली, शाबूत झुईकाकू काय करते? परत जपानला जाते. नवीन माणसं घ्यायला आणि शिकवायला. सॉलोमनमधल्या ग्वादालकनाल बेटाची लढाई नोव्हेंबरमध्ये ऐन निर्णायक टप्प्यावर आली तेव्हा ही तिथे नव्हती.

## बियाणं दळून खाल्लं

शेतकऱ्याच्या घरी दुष्काळात काय वाटेल ते होऊ दे, पण पेरणीसाठी राखलेलं बियाणं दळायला काढत नाहीत. ते खाल्लं तर पुढच्या वर्षी पेरायचं काय?

जपानी नौदलाने नेमकं तेच केलं. युद्धाआधी त्यांची पायलट निवड फार कडक होती, हजारो पोरांतून मोजकी घ्यायची, त्यातलीही बरीच गाळायची. जे उरायचे ते अप्रतिम असायचे पण संख्या अगदी कमी. छोटं युद्ध होईल, लवकर संपेल, या हिशोबावर हे चाललं होतं. युद्ध लांबलं तेव्हा मुरलेल्या पायलटांना घरी बोलावून शिकवायला बसवायची पद्धतच नव्हती, ते आघाडीवरच राहायचे, मरेपर्यंत किंवा जायबंदी होईपर्यंत. त्यात विमानंही अशी की झीरोसारखं फायटर चपळ आणि लांब पल्ल्याचं, पण वजन वाचवायला पायलटमागे पोलादी पत्रा नाही, गोळी लागली तर आपोआप भोक बुजवणारी टाकी नाही. चूक झाली की विमान पेटलं. म्हणजे नवशिक्याला चुकून शिकायची संधीच नाही.

याच्यावर कडी म्हणजे एअर ग्रुप बोटीवरून उतरवून जमिनीवरच्या लढाईत वापरले. एप्रिल १९४३ मध्ये एकदा, आणि परत नोव्हेंबर १९४३ मध्ये झुईकाकू, शोकाकू आणि झुईहो या तीन बोटींची १७० च्या वर विमानं राबाउल या सॉलोमनजवळच्या जपानी तळावर पाठवली. वर्षभर खपून जो नवा थर लावला होता तो दोन आठवड्यांत अर्ध्याहून जास्त विमानं गमावून परत आला. झुईकाकू तोपर्यंत त्रुक बंदरात सुरक्षित उभी.

आता अमेरिकेकडे बघा. त्यांनी मुरलेले पायलट आलटून पालटून परत बोलावले आणि मास्तर केले. आणि डेकवर उतरण्याच्या सरावाला खऱ्या विमानवाहू नौका कशाला अडवायच्या म्हणून त्यांनी मिशिगन सरोवरात, शिकागोजवळ, बाजूला चाकं असलेल्या दोन जुन्या कोळशावर चालणाऱ्या प्रवासी बोटी घेतल्या, वरचा भाग कापला, त्यावर सपाट डेक टाकला. नावं वुल्व्हरिन आणि सेबल. तळ्यात, जिथे शत्रूची पाणबुडी येऊच शकत नाही, तिथे युद्धाच्या काळात १७ हजारांच्या वर पायलटांनी डेकवर उतरण्याची परीक्षा पास केली. या दोन बोटींनी एक गोळी झाडली नाही. मला विचाराल तर पॅसिफिकमधल्या विजयात या दोघींचा वाटा कुठल्याही मोठ्या युद्धनौकेपेक्षा कमी नाही.

## "शेवटी अमेरिकेकडे बोटीच जास्त होत्या, पायलटचं काय घेऊन बसलात?"

हा आक्षेप बरोबर आहे, पण अर्धाच. १९४३ पासून अमेरिकेच्या कारखान्यांनी एसेक्स वर्गाच्या मोठ्या नौका एकामागून एक बाहेर काढल्या आणि तो वेग जपानला कधीच गाठता आला नसता. युद्ध जपान हरणारच होता असं मलाही वाटतं.

पण ऑक्टोबर १९४२ चा शेवट आठवा. हॉर्नेट बुडालेली, साराटोगा दुरुस्तीत, पॅसिफिकमध्ये अमेरिकेकडे फक्त जखमी एंटरप्राइज उरलेली. त्या क्षणी बोटी जपानकडे जास्त होत्या! आणि तरी त्यांना काही करता आलं नाही, कारण डेकवरून उडवायला माणसं नव्हती. शिवाय नवी बोट बांधायला जपानला दोन-तीन वर्षं लागत, आणि पायलट मुरायलाही जवळपास तितकीच, पण बोटीचं बांधकाम दिसतं, त्याचे फोटो निघतात. पायलट मुरताना काही दिसत नाही.

## तावी-तावीतला महिना

मे १९४४ मध्ये जपानी ताफा फिलिपिन्सच्या टोकाला तावी-तावी नावाच्या ठिकाणी नांगर टाकून होता. कारण काय तर बोर्निओचं तेल जवळ, जपानपर्यंत तेल आणणारी जहाजं अमेरिकन पाणबुड्या बुडवत होत्या. पण तावी-तावीला विमानतळ नाही, आणि विमानवाहू नौकेवरून उडवायचं तर तिला मोकळ्या समुद्रात जोरात पळावं लागतं, आणि बाहेर पाणबुड्या टपून. म्हणून आधीच कच्चे असलेले पायलट जवळपास महिनाभर नुसते बसून राहिले. डेकवर उतरण्याचं कौशल्य सराव सुटला की जातं हे वर सांगितलंच.

मग १९ जून १९४४, मारियाना बेटांजवळची लढाई. अ‍ॅडमिरल ओझावा जिसाबुरोकडे नऊ विमानवाहू नौका, अमेरिकेकडे पंधरा. ओझावाची विमानं लांब पल्ल्याची म्हणून पहिला वार त्याचा, डावपेच म्हणून योजना चांगली होती. पण हल्ल्याआधी फॉर्मेशन नीट लावायला त्याच्या नवख्या पायलटांना हवेत घिरट्या घालत थांबावं लागलं, आणि अमेरिकन रडारला ते सगळं दिसत होतं. तेवढ्या मिनिटांत हेलकॅट फायटर उंची घेऊन तयार. अमेरिकन पायलट त्या दिवसाला टर्की पक्ष्यांची शिकार म्हणाले. मेले ते बरेचसे पोरसवदा, हे मला त्या नावापेक्षा जास्त टोचतं.

त्याच दिवशी शोकाकू पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाली. नवीकोरी ताइहो पण. दुसऱ्या दिवशी झुईकाकूला पहिल्यांदा बॉम्ब लागला, हँगरमध्ये आग लागली, पण जुन्या, अनुभवी खलाशांनी ती विझवली. बोट परत वाचली. ओझावाकडे ४३० च्या आसपास विमानं होती, त्यातली उडण्यालायक उरली ३५.

## आमिष

ऑक्टोबर १९४४ मध्ये अमेरिकन फौज फिलिपिन्सच्या लेयते बेटावर उतरली. जपानची योजना अशी की मोठ्या तोफवाल्या युद्धनौकांनी चोरवाटेने येऊन तिथली वाहतूक जहाजं बुडवायची, आणि त्यासाठी अ‍ॅडमिरल हॉल्सीचा बलाढ्य विमानवाहू ताफा तिथून लांब खेचायचा. खेचायला आमिष हवं. अमेरिकनांना सोडवणार नाही असं आमिष एकच, जपानच्या विमानवाहू नौका.

म्हणून झुईकाकू निघाली, सोबत झुईहो, चितोसे, चियोदा या लहान नौका. चौघींवर मिळून विमानं साधारण ११०. पूर्वी एकटी झुईकाकू ७२ न्यायची! डेकवर हिरव्या रंगाचे पट्टे मारून वरून बघणाऱ्याला ती वेगळंच जहाज वाटावी असा प्रयत्न केला होता. २४ तारखेला हल्ल्याला विमानं सोडली, पण बऱ्याच पायलटांना डेकवर परत उतरण्याचा भरवसा नव्हता, वाचलेली बहुतेक फिलिपिन्समधल्या जमिनीवरच्या धावपट्ट्यांवर गेली. २५ च्या सकाळी चार नौकांवर मिळून तीसच्या आसपास विमानं उरली होती. हर्मिसच्या रिकाम्या डेकची आठवण मला इथे येते.

आमिष लागू पडलं हे पण सांगायला हवं. हॉल्सी खरंच उत्तरेला धावला, सान बर्नार्दिनोची सामुद्रधुनी मोकळी सोडली, आणि जपानी अ‍ॅडमिरल कुरिताच्या तोफवाल्या युद्धनौका आत आल्या, पण समारजवळ अमेरिकेच्या लहान नौकांनी इतकी चिवट झुंज दिली की तो मागे फिरला.

२५ ऑक्टोबरला एंगानो भूशिराजवळ अमेरिकन विमानांच्या लाटांवर लाटा आल्या. झुईकाकूला सात टॉर्पेडो आणि नऊ बॉम्ब लागले. ओझावाला ओयोदो या क्रूझरवर हलवलं. बोट एका बाजूला कलली तेव्हा निशाण उतरवलं गेलं, त्या क्षणाचा फोटो आहे, तिरक्या डेकवर शेकडो माणसं उभी राहून सॅल्यूट करतायत. दुपारी दोनच्या आधी बोट सोडायचा हुकूम झाला, २ वाजून १४ मिनिटांनी ती बुडाली. कप्तान काइझुका ताकेओ आणि ८४२ जण तिच्याबरोबर गेले, ८६२ जणांना विनाशिकांनी वाचवलं.

त्याच दिवशी, समारजवळ, जपानी विमानांनी पहिल्यांदा ठरवून, पथक करून, अमेरिकन बोटींवर स्वतःला आदळलं. सेंट लो नावाची छोटी विमानवाहू नौका त्यात बुडाली. कामिकाझेमागे कारणं बरीच होती, पण त्यातलं एक अगदी कोरडं होतं, नवशिक्या पायलटला परत येऊन उतरायला शिकवायला ना इंधन होतं ना वेळ ना शिकवणारे. परत यायचंच नसेल तर उतरायला शिकवावं लागत नाही. हे वाक्य लिहिताना सुद्धा मला कसंतरी होतं.

## "आता तर मिसाईल, ड्रोन आणि सिम्युलेटरचा जमाना आहे"

खरंय, आज डेकवर आरसे-दिवे जास्त चांगले आहेत, विमानातला कॉम्प्युटर मदत करतो, सिम्युलेटरवर हजार वेळा पडून बघता येतं. पण आजही कुठल्याही देशाच्या नौदलात डेकवर उतरण्याची पात्रता काही काळ सराव नसेल तर संपते आणि परत मिळवावी लागते. चीनने युक्रेनकडून अर्धवट बोट घेतली, ती २०१२ मध्ये लियाओनिंग म्हणून नौदलात आली, आणि त्यानंतर कित्येक वर्षं तिचं मुख्य काम पायलट तयार करणं हेच होतं.

तर मामेभावाच्या प्रश्नाचं उत्तर असं. २६ राफेलपैकी चार दोन सीटची आहेत, म्हणजे ट्रेनिंगची. विमान यायच्या आधी पायलट, मेकॅनिक, डेकवर रंगीत जॅकेट घालून इशारे करणारे लोक, या सगळ्यांना तयार व्हायला लागतं, आणि आधीची मिगवाली टीम उडत राहून नव्यांना शिकवू शकेल एवढा वेळ हातात लागतो. यातला मोठा भाग गोव्यात होतो. दाबोळीला आयएनएस हंसा या नौदलाच्या तळावर विमानवाहू नौकेसारखाच पुढे उचललेला उतार आणि अडवणाऱ्या दोऱ्या जमिनीवर बांधलेल्या आहेत, म्हणजे बोट अडवून न ठेवता सराव करता येतो. जानेवारी २०२२ मध्ये राफेल मरीनची चाचणीही तिथेच झाली होती. गोव्याला दाबोळीवरून जाणाऱ्यांना माहीत असेल, आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सकाळचे काही तास तिथे प्रवासी विमानांना वेळ मिळत नाही, कारण त्या वेळात धावपट्टी नेव्हीच्या उड्डाणांसाठी राखलेली असते.